अकरा हजार तीनशे चाळीस

वकील लावला नाही.
त्यांची फी म्हणजे ईश्वरीच्या रिक्षाचं दोन वर्षांचं भाडं,
हा पहिला हिशेब मी ओट्यापाशीच केला,
कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये.

अर्जावर कोर्ट फीचं तिकीट लावलं.
ही तिकिटं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात.
बाबांनी तिथे एकतीस वर्षं काढली,
रोज सुटताना दारावर झडती देऊन.
एक तिकीट कधी घरी आलं नाही.
आज आलं. विकत.

प्रतिज्ञापत्रात रकाने होते.
दूध, किराणा, गॅस, शाळा: सरळ.
‘करमणूक’पाशी पेन अडलं.
रविवारी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढतो, त्या फुकट.
वर बसून खातो त्या शेंगांचे वीस.
तेलाची बाटली एक, डोकी दोन;
मी केसांच्या लांबीवरून वाटणी केली,
तीन हिस्से तिचे, एक माझा.
रात्री ती माझ्या अंगावर पाय टाकून झोपते.
पलंग कुणाच्या खात्यावर टाकायचा, ते कुठेच छापलेलं नव्हतं.

बाकावर निफाडच्या एक बाई. चौथं वर्ष तारखांचं.
चिवड्याची पुडी पुढे करत म्हणाल्या,
“वीस लिही गं, तेव्हा दहा हातात पडतील.
इथंही भाजीबाजारच.”
रात्री वीस लिहून पाहिलं.
त्या आकड्यात माझी पोरगी मला ओळखूच येईना.
खोडलं.

त्याची पगाराची स्लिप अंबडच्या कंपनीची.
बेसिक होता, ओव्हरटाइम नव्हता.
मी भिंतीवरची कॅलेंडरं नेली, दुधाच्या खाड्यांची.
डबल शिफ्टला दोन डबे लागत.
तारखेच्या चौकोनात मी दोन टिंबं काढून ठेवायची,
कणीक कमी पडू नये म्हणून.
त्याचे वकील हसले, “हा पुरावा?”
न्यायाधीश बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून
अख्खा मार्च मोजला.
मोजताना त्यांचे ओठ हलत होते.
तुषारने खाली पाहिलं.
दुसऱ्या डब्यात नेहमी मेथी असायची.

मग त्याचे खर्च.
आईची औषधं, सहाशे दहा.
“हरकत?”
ती गोळी सहा वर्षं रोज रात्री मी त्यांच्या तळहातावर ठेवलीय.
म्हटलं, हरकत नाही.
आणि हा भाव जुना आहे, मॅडम.
स्ट्रिपमागे अठरा रुपये वाढलेत.
त्यांना माहीत नसेल, आणायची मीच.
टायपिंगचा आवाज थांबला.
नंतर निफाडच्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला,
“स्वतःच्याच ताटातलं काढून दिलंस की!”

“आणि हे वरचे तीनशे चाळीस? राउंड फिगर का नाही?”
वर्षाचे चार हजार ऐंशी भागिले बारा, मॅडम.
सँडल, शाळेचे बूट, पीटीचे पांढरे,
आणि एक जोड, जो ती दरवर्षी हरवतेच.
बाई हसल्या नाहीत. लिहून घेतलं.
पान उलटलं, परत मागे आणलं.
“तुमच्या स्वतःच्या खर्चाचा रकाना कोरा आहे.
चुकून राहिला?”
हो म्हटलं.
चुकून नव्हता राहिला.
त्या रकान्यासमोर मी तासभर बसले होते
आणि आकडाच सुचला नव्हता.

“भरून आणा.”
पुढची तारीख सतरा.

कॅलेंडरं कोर्टात जमा झाली. घरी नुसता खिळा.
सकाळी दूधवाल्याने विचारलं, ताई, खाडे किती?
म्हटलं, या महिन्यात तुम्ही सांगाल ते.

काल ईश्वरी झोपल्यावर तो कागद काढला.
माझ्या रकान्यात एवढं झालंय:
सिटीलिंक बस, सिडको ते सीबीएस,
जाऊन येऊन.